रोही लिहा, साहेब

तुळशीराम गेल्याचं मला कळलं ते वर्तमानपत्रातून, कचेरीत, सकाळचा चहा घेताना. गावाहून माणूस निरोप घेऊन आला होता म्हणे, पण मी दौऱ्यावर होतो आणि घराला कुलूप होतं. जिल्ह्याच्या पत्रात आतल्या पानावर चार बोटं मजकूर होता. वर मथळा, 'पश्चात्ताप पावलेल्या शिकाऱ्याचे निधन'. खाली आमच्याच खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी लिहिलं होतं, की तुळशीराम हे एके काळचे पट्टीचे शिकारी. नीलगायीच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्यांचे डोळे उघडले. पुढे ते मुक्या प्राण्यांचे मित्र बनले. अशा वाल्याचा वाल्मीकी होण्यातच नव्या कायद्याचं यश आहे. मी ते दोनदा वाचलं. मग शिपायाला म्हणालो, चहा घेऊन जा. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे, आणि जेव्हा यायला हवा होता तेव्हा तर आलाच नव्हता. त्याबद्दलच हे लिहितो आहे.

त्याला जाऊन आता दीड महिना होतो. आषाढ लागला होता, पण पावसाने ताण दिला होता. वांग्याच्या वाफ्याला पाणी देता देता तो बांधावर बसला आणि बसल्या जागी कलंडला, इतकंच. माझ्याच वयाचा माणूस. उंद्रीपासून कोसभर आत आमचं गाव आहे. डोंगराची उतरण जिथे संपते तिथे त्याचं शेत आणि शेताच्या बांधाला लागून जंगल. आम्ही दोघं एका तरटावर बसून शिकलो. मी पुढे मॅट्रिक होऊन जंगल खात्यात कारकून झालो, तो चौथीनंतर बापाच्या मागे शेतात गेला. तेव्हापासून मी त्याचा 'बाबू'. कचेरीत मला बाबू म्हणणारे शंभर होते, पण त्याच्या तोंडी त्या शब्दात थोडी थट्टा असायची आणि थोडा अभिमानही. आपला एक माणूस सरकारात आहे, असं त्याला वाटायचं... बिचाऱ्याला.

त्याच्या बापाची ठासणीची बंदूक होती. ती मोडीत निघाल्यावर तुळशीरामने पीक संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी घेतली. घराच्या मधल्या भिंतीत एक सागवानी खुंटी होती, बंदूक त्या खुंटीवर टांगलेली असे. आषाढ लागला की बंदूक खुंटीवर आणि मासे धरायचं जाळं आढ्याला. जाळं उतरायचं पोळ्याला आणि बंदूक उतरायची दसऱ्याला, पूजा झाल्यावर. मधल्या दिवसांत समोरून डुक्कर गेलं तरी हात वर जायचा नाही. हा नियम कुठल्या सरकारने केलेला नव्हता. गावातल्या चार-दोन बंदूकवाल्या घरांत आणि नाल्यावर मासे धरणाऱ्या सगळ्यांत तो चालत आलेला होता, आणि मोडणाऱ्याला पोळ्याच्या जेवणाचं आवतन मिळत नसे. आम्ही लहान असताना एकदा माझ्या गळाला चांगली हातभर मरळ लागली. तिच्या मागे पाण्यात पिल्लांचा लालसर घोळका फिरत होता, तो मी पाहिला नाही की पाहून न पाहिल्यासारखं केलं, आता आठवत नाही. तुळशीरामने माझ्या हातातली टोपली हिसकली आणि डोहात उपडी केली. वर मलाच विचारतो, "आता थे शंभर पोरं कोन सांभाळीन बे? तू?" मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तोही नाही बोलला, पण तिसऱ्या दिवशी स्वतः धरलेली एक मरळ माझ्या आईला देऊन गेला.

बंदुकीचंही तसंच. कळपातून हाकललेला, एकटा पडलेला म्हातारा नर असेल तरच. मादीवर कधी नाही, पाणवठ्यावर कधीच नाही. "पान्यावर आलेलं जनावर म्हंजे पावना," हे त्याच्या बापाचं वाक्य तो स्वतःचं असल्यासारखं सांगायचा. तो साधुसंत नव्हता. शिकारीचा त्याला नाद होता, डुकराचं मटण त्याला आवडायचं, आणि नेम बसला की तो चार दिवस मिशीला पीळ देत हिंडायचा. पण कोणत्या ओढ्यात किती हरणं आहेत, त्यातल्या गाभण किती, हे त्या भागात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणं त्याला भागच होतं. ज्याला दरवर्षी घ्यायचं असतं तो ठेवूनही घेतो. आमच्या खात्याला हे कधी समजलं नाही. आमच्याकडे शिकार म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे साहेबाची सही.

ज्या साहेबांनी तो मजकूर लिहिला त्यांचीच गोष्ट सांगतो. महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती. साहेब तेव्हा नवे होते, हौशी होते, आणि त्यांच्याकडे मुंबई-नागपूरचे पाहुणे यायचे. एकदा ऐन श्रावणात पाहुणे आले. खात्याच्या नियमानेही तो बंद मोसमच, पण नियम ज्याच्या टेबलावर असतो त्याला तो दिसत नाही. डाकबंगल्यावर कोंबड्या पोचल्या, जीप पोचली, आणि माग काढायला तुळशीरामला बोलावणं गेलं. मी कागद घेऊन तिथे उभा होतो. तुळशीराम आला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, माही बंदूक खुंटीवर हाय." साहेब हसून म्हणाले, "अरे, बंदुका आमच्याकडे आहेत. तू नुसता पुढे चल." तुळशीराम तितकाच हसून म्हणाला, "साहेब, माहे पायबी खुंटीवरच हायेत. दसऱ्याले या." पाहुण्यांपैकी एक जण मोठ्याने हसला. साहेब हसले नाहीत. ते दुसऱ्या कोणाला घेऊन गेले आणि संध्याकाळी जीपमधून एक हरणी आणली. गाभण होती. पोट पाहिलं तर न सांगता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी परवान्याचा तक्ता भरायचा होता. साहेबांनी सांगितलं, "लिहा, हरीण, नर, एक." मी लिहिलं. तारीखही दसऱ्यानंतरची टाकायची, असं ठरलं आणि माझ्याच चांगल्या अक्षरात तो तक्ता वर गेला. आमच्या कचेरीत जनावर नर की मादी हे शाईवर ठरत होतं. मला तेव्हा राग आला नाही. नवी नोकरी, नवं लग्न... राग न यायला कारणं पुष्कळ असतात. तुळशीरामला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाबू, तुही लेखनी मोठी खतरनाक चीज हाय. माहा बार तं एका वेळी एकच जनावर मारते."

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि त्याच्याच मागोमाग नवा कायदा आला. कायदा नको होता असं मी म्हणणार नाही, तुळशीरामनेही कधी म्हटलं नाही. जीपवाल्यांनी काळविटांचं काय करून ठेवलं होतं ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. ज्या माळावर शाळेत जाताना आम्हाला कळपांच्या उड्या दिसायच्या, तिथे आता एक शिंग दिसलं तर गावात बातमी व्हायची. नाल्याच्या डोहात तर विहिरी फोडायचे सुरुंग लावून मासे मारू लागले होते, परक्या गावचे आणि आमच्याही. "कायदा पायजेच होता, बाबू," तो म्हणाला, "पन ज्याले जंगल ठाऊक त्याले एकडाव इचारून कराले पायजे होता." कोणी विचारलं नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी सगळ्या बंदुका एका गाठोड्यात बांधल्या. खुंटीवरची बंदूक आणि जीपमधली बंदूक त्यांना सारखीच वाटली. खरं सांगायचं तर सारखीही नाही. जीपवाले रातोरात वन्यप्राण्यांचे कैवारी झाले, त्यांच्या दिवाणखान्यातली शिंगं तेवढी भिंतीवर राहिली.

कायद्यासोबत संरक्षित प्राण्यांची लांबलचक यादी आली. मूळ इंग्रजी प्रत साहेबांच्या कपाटात, आमच्या टेबलावर मराठी तर्जुमा. साऱ्या देशाची यादी ती. तिच्यात हिमालयातले प्राणी, आसामातले प्राणी, आयुष्यात कधी ऐकली नाहीत अशी नावं. त्या हिवाळ्यात तुळशीरामच्या हरभऱ्यात रोही शिरायला लागले. वऱ्हाडात रोही कोणाला सांगावा लागत नाही. घोड्याएवढं, राखी रंगाचं, आखूड शिंगांचं ते जनावर एका फेरीत वाफाच्या वाफा आडवा करतं. तुळशीराम हाकलून थकला, बुजगावणी लावून थकला. मग बस धरून माझ्या कचेरीत आला. दुसरा कोणी असता तर बार काढून मोकळा झाला असता. हा विचारायला आला. "बाबू, नवा कायदा आला म्हंते. एक म्हातारा रोही हाय, एकटाच येते. माह्या परवान्यावर चालते का तुह्या सायबाची परवानगी लागते?"

मी यादी काढली. रोही म्हणजे इंग्रजीत 'ब्लू बुल' हे मला पक्कं माहीत होतं, जुन्या परवान्यांवर तेच लिहिलेलं असायचं. म्हणून मी बैल शोधत होतो. 'रोही' पाहिलं, नव्हतं. 'निळा बैल' पाहिलं, नव्हतं. मध्येच एका ओळीत 'नीलगाय' होतं. वरच्या खालच्या ओळींत बर्फातले प्राणी होते, म्हणून मला वाटलं, असेल तिकडची एखादी डोंगरी गाय. मुंबईतल्या कुठल्याशा खुर्चीवर बसून कोणीतरी ते नाव उत्तरेतून उचललं होतं. इंग्रजांच्या कागदात जो बैल होता तो आमच्या कागदात येईपर्यंत गाय झाला होता. आणि तीस वर्षं रोही पाहिलेल्या दोन शहाण्यांना तो ओळखता आला नाही. तुळशीरामनेही ती ओळ बोट ठेवून वाचली होती. "हे कोनची गाय बे?" असं त्याने विचारलं आणि मी म्हणालो, "आपल्याकडची नाही." मग तो म्हणाला, "मंग लिहून दे. तुह्या सायबाचा मले भरोसा नाही." मी एका रद्द फॉर्मच्या पाठीवर लिहून दिलं, 'यादी पाहिली. यादीत रोही नाही. पीक संरक्षणाचा परवाना पुरे.' खाली माझी सही केली. त्याने चिठ्ठीची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि मला म्हणाला, "हे बरं झालं." त्याच्या हातात हात देऊन मी त्याला बसवर बसवून आलो.

चौथ्या दिवशी त्याने तो म्हातारा रोही स्वतःच्या हरभऱ्यात, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत मारला. लपवायचं काही नव्हतंच. पण नव्या कायद्याखाली पहिली केस करून दाखवायची साहेबांना घाई होती, आणि श्रावणातले ते पाय खुंटीवर ठेवणारा माणूस त्यांच्या लक्षात होता. बातमी लागल्याबरोबर जीप निघाली. पंचनामा लिहायला, अक्षर चांगलं म्हणून, मला बरोबर घेतलं. कोणाच्या शेतात चाललोय हे मला उंद्री मागे पडल्यावर कळलं.

बांधावर जनावर पडलं होतं. साहेबांनी काठीने शिंग उलटवलं आणि सांगायला सुरुवात केली, "लिहा. सदर इसमाने आपल्या परवान्यावरील बंदुकीने एक नीलगाय, नर..." माझा हात थांबला. त्या एका क्षणात मला सगळं समजलं... यादीतली ती ओळ, ती डोंगरी गाय, माझी चिठ्ठी. मी मान वर केली. तुळशीराम माझ्याकडेच पाहत होता. साहेब म्हणाले, "काय झालं? लिहा." आणि मी लिहिलं.

पंचनामा पंचांना वाचून दाखवावा लागतो. मीच वाचला. 'नीलगाय' म्हटल्याबरोबर पंच म्हणून आणलेले गावचे दोघे उभे राहिले. त्यातला म्हातारा ओरडला, "गाय? तुळशीराम, गाय मारली बे तू?" जनावर समोर पडलेलं होतं. आयुष्यभर ज्याला रोही म्हटलं तो रोही डोळ्यांपुढे होता, पण सरकारी कागदाचा दरारा असा, की म्हाताऱ्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, कागदावर ठेवला. तुळशीराम साहेबांपुढे गेला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. "साहेब, बंदूक घेऊन जा. केस करा. पन हे काय लिहून राह्यले तुमी? रोही लिहा, साहेब. मी गाय नाही मारली." साहेब म्हणाले, "कायद्यात जे नाव आहे तेच लिहितात." बंदूक त्याने स्वतः खुंटीवरून काढून आणून दिली. चिठ्ठीचं नावही काढलं नाही. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

आठ दिवसांत आजूबाजूच्या गावांत झालं, की तुळशीरामने गाय मारली. एका पत्रात तर 'निळी गाय ठार' असं छापून आलं. जानेफळला त्याची लेक दिली होती, तिथे तिला विहिरीवर बाया 'गाय मारणाऱ्याची पोर' म्हणू लागल्या. आणि पुढच्या पोळ्याला... हे लिहिताना आजही डोकं तापतं. त्याची बैलजोडी आसपासच्या गावांत नाव घेण्यासारखी होती. झुली घालून, शिंगं रंगवून, बाशिंग बांधून तो ती जोडी घेऊन तोरणापाशी आला, तेव्हा चार शहाणे आडवे झाले. गाय मारणाऱ्याचे बैल तोरणाखालून जाणार नाहीत म्हणाले. त्या चारांतले दोघे डोहात सुरुंग लावणारे होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुळशीराम भांडला नाही. बैल वळवून घरी नेले, अंगणातच पुजले आणि त्यांना पुरणपोळी चारली. त्याच्या बायकोने, गयावहिनींनी, मला हे नंतर सांगितलं, कारण त्या पोळ्याला मी गावी गेलोच नव्हतो. जायची हिंमत नव्हती.

केस तालुक्याच्या कोर्टात उभी राहिली. मी फाइल घेऊन मागच्या बाकावर. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "गुन्हा कबूल?" तुळशीराम म्हणाला, "रोही मारला, कबूल. गाय मारली, नाकबूल." कोर्टात हशा पिकला. वकील हसले, पोलीस हसले, साहेब हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. मॅजिस्ट्रेट भला माणूस असावा. त्याने विचारलं, "मारण्यापूर्वी तुम्ही कोणत्या कचेरीत चौकशी केली होती का? केली असेल तर सांगा, तुमच्या फायद्याचं आहे." मी खाली पाहत बसलो. मनात म्हणत होतो, सांग, सांगून टाक. आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, नको सांगू रे... तुळशीराम म्हणाला, "नाही जी. कोनाले नाही इचारलं. अडाणी मानूस." दंड झाला, बंदूक सरकारजमा झाली. निकालात शब्द नीलगाय असाच राहिला. बाहेर आल्यावर मी त्याला गाठून विचारलं, "चिठ्ठी कुठे आहे?" तो म्हणाला, "थे? चुलीत गेली." आणि बसकडे चालू लागला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं, तर लिहिलंच पाहिजे.

तो माझ्यावर चिडला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो चिडला नाही. दर हिवाळ्याप्रमाणे त्याही हिवाळ्यात पिंपळगाव राजाच्या बाजाराला जाताना भरताच्या वांग्यांची पिशवी माझ्या दारात ठेवून गेला. त्याचं म्हणणं एकच होतं. बंदुकीबद्दल त्याने परत कधी विचारलं नाही, दंडाबद्दल तर नाहीच. "बाबू, थो कागद बदलते का?" एवढंच तो विचारायचा. "गाय खोडून रोही लिहून देत असन कोनी तं पाह्य." मी म्हणायचो, पाहतो. कुठे पाहणार होतो? त्या कागदावर अक्षर माझंच होतं.

मग एका वर्षी साहेबांनी वन्यप्राणी सप्ताहात सभा घेतली आणि 'मतपरिवर्तन झालेला शिकारी' म्हणून तुळशीरामला व्यासपीठावर बसवायचं ठरवलं. त्याला आणायचं काम माझ्याकडे. तो यायला तयार नव्हता. मीच म्हणालो, चल, साऱ्या भागातले लोक येतील, माइकवरून एकदा सांगून टाक, तुझं मन मोकळं होईल. तो धुतलेलं धोतर नेसून आला. साहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला, पश्चात्तापाच्या महिम्यावर बरंच बोलले आणि माइक त्याच्यापुढे केला. तुळशीराम म्हणाला, "रामराम. त्या जनावराले रोही म्हंते. मी गाय नाही मारली." आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साधाभोळा माणूस, भाषण येत नाही. साहेबांनी पाठीवर थाप मारली. ही थाप, हा हार आणि हीच टाळी, यांचाच आता वर्तमानपत्रात वाल्याचा वाल्मीकी झाला. पश्चात्ताप! कशाचा करायचा होता त्याने? आषाढ ते दसरा बंदूक टांगून ठेवल्याचा? विचारायला आल्याचा? साहेबांना मी इथे जाहीर विचारतो, श्रावणातल्या त्या हरणीचा पश्चात्ताप तुम्हाला कोणत्या साली झाला? त्या तक्त्यावर मी 'नर' लिहिलं, तुम्ही सही केली. आपला वाल्मीकी कधी होणार?

बातमी वाचली त्याच दिवशी मी गावी गेलो. गयावहिनी मधल्या खोलीत बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर ती खुंटी होती. बंदूक गेल्यापासून तिच्यावर त्याने कधी काही टांगलं नाही, सदरासुद्धा नाही. पण दर दसऱ्याला तो रिकाम्या खुंटीला हळद-कुंकू वाहायचा आणि आपट्याचं पान खोवायचा. मला तो हट्ट वाटायचा, थोडं हसूही यायचं. भिंतीवर कुंकवाचे ओघळ एकावर एक सुकलेले होते. माझं रडून झाल्यावर वहिनी उठल्या, दोन्ही हातांनी खुंटी हलवून हलवून बाहेर ओढली आणि भोकात बोट घालून मेणकापडात गुंडाळलेली एक वळकटी काढली. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमचं हाय. तुमाले पेन्शन लागल्यावर द्या म्हनलं होतं त्यायनं. त्याच्या आधी कोनाले दाखवाचं नाही म्हने, बाबूची नोकरी जाईन. पन माहा काय भरोसा, आज हाये उद्या नाही. तुमीच ठेवा." मी मेणकापड उलगडलं. रद्द फॉर्मची पाठ होती, माझं अक्षर होतं, माझी सही होती.

कचेरीच्या साऱ्या कागदांत त्या जनावराचं खरं नाव असलेला एवढा एकच कागद आहे. त्याने तो कोर्टात दाखवला असता तर कदाचित सुटला असता, गावासमोर ताठ उभा राहिला असता, त्याचे बैल तोरणाखालून गेले असते. त्याने तो भिंतीत ठेवला आणि दरवर्षी त्याच्यावर कुंकू वाहिलं. माझ्या पेन्शनीला अजून चार वर्षं आहेत. ती मिळेल न मिळेल, ते खात्याने ठरवावं. मी आज अधिकाऱ्यांना, कोर्टाला, आमच्या गावाला आणि जानेफळच्या त्या विहिरीवरच्या बायांना लिहून देतो, की तुळशीरामने मला विचारून गोळी घातली. मी यादी पाहून चिठ्ठी दिली. चूक माझी होती, आणि कोर्टात गप्प बसलो ती चूक नव्हती, तो भेकडपणा होता. त्याने रोही मारला. गाय मारली नाही.

येत्या पोळ्याला मी गावी जाणार आहे. त्याचे बैल आता त्याचा मुलगा धरेल, आणि ते तोरणाखालून जाण्याआधी मी ही चिठ्ठी साऱ्या गावापुढे वाचणार आहे. आडवं कोण येतं ते पाहू. परवा परत गेलो तेव्हा वहिनी खुंटी बसवत होत्या. दगडाने ठोकून पाहिली, चिंधी लावून पाहिली, पण ती हलतेच आहे. इतकी वर्षं ती त्या कागदाच्या वळकटीनेच घट्ट बसली होती.